विकत घेतलेली गाणी

गेल्या आठवड्यात एक डीजेवाला जागा पाहायला आला. अमरावतीच्या बायपासला माझं लग्नाचं लॉन आहे. यजमान गेल्यापासून मीच पाहते, आणि खरं सांगायचं तर आता पाहून पाहून कंटाळले आहे. मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, गाण्यांच्या परवानगीचा कागद आहे का. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "मॅडम, याच्यात आठ हजार गाने हायेत. कागद कायचा पायजे?"

पूर्वी मी समजावून सांगायची. कंपनीची नोटीस कशी येते, ती डीजेसोबत लॉनवालीलाही कशी येते, सगळं. आता नाही सांगत. छापील फॉर्म त्याच्यापुढे सरकवला आणि खाली सही करा म्हटलं. त्याने न वाचता केली. सगळेच न वाचता करतात. तो फॉर्म मला ज्यांनी लिहून दिला ते एकटेच असे होते, जे कुठलाही कागद सहीआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. अकोल्याचे मधुकर खंडारे. आमचे मधूभाऊ. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

डीजे म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं मधूभाऊंमध्ये काहीच नव्हतं. साठी ओलांडलेला माणूस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, खिशाला एक निळं पेन आणि एक लाल. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की ते बटण लावून ठेवायला काय लागतं. समोर दोनशे माणसं नाचत असायची आणि हे मागे उभे, एका कानावर हात, चेहरा परीक्षेच्या हॉलवर देखरेख करणाऱ्या मास्तरचा. मी त्यांना कधी मान डोलावतानाही पाहिलं नाही. एकदा म्हटलं, मधूभाऊ, थोडं हसत जा, लग्न आहे. तर म्हणाले, "ताई, म्या हासलो तं मशीनीकडं कोन पाहीन?"

स्पीकर आणि बाकीचा पसारा मागून टेम्पोने यायचा. मधूभाऊ स्वतः एसटीने यायचे, कारण त्यांच्याजवळ पेटी असायची आणि टेम्पोवाल्याच्या भरवशावर ती सोडायला ते तयार नव्हते. हिरव्या रंगाची लोखंडी ट्रंक. वर पांढऱ्या अक्षरांत 'एम. के. साउंड, जठारपेठ, अकोला'. आत कॅसेटी आणि सीड्या, आणि प्रत्येकीच्या कव्हरात ती जिथून घेतली त्या दुकानाचं बिल, चार घड्या घालून. बिलांची शाई उडते म्हणून बिलांच्या झेरॉक्सही. कंडक्टर दर खेपेला विचारायचा, काका, एवढं जड काय आहे पेटीत. मधूभाऊंचं उत्तर ठरलेलं. "गानी हायेत. आपली हायेत, विकत घेतेल."

लॅपटॉप त्यांनी उशिरा घेतला आणि त्याला शेवटपर्यंत मशीनच म्हणाले. पेटीतली गाणी एकेक करून त्यांनी स्वतः मशीनमध्ये उतरवली होती. त्यात बाहेरचं एक गाणं नव्हतं. "पेटीत नाई तं मशीनीत नाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की माझे वाढपीसुद्धा आपसात तसं बोलायचे, रबडी संपली की.

या वाक्यापायी त्यांनी मला किती ताप दिला ते विचारू नका. दर्यापूरची एक पार्टी होती. नवरदेवाचा मामा मोबाईल घेऊन आला. आठ दिवसांपूर्वी निघालेलं कुठलंसं गाणं, ते लावा म्हणाला.

"हे आपल्याकडं नाई," मधूभाऊ म्हणाले.

"माह्या मोबाईलात हाय ना. लावा."

"मोबाईल तुमचा हाय भाऊ. गानं कोनाचं हाय?"

मामा त्यांच्याकडे पाहतच राहिला. "गानं कोनाचं म्हंजे? गानं सगळ्याईचं असते."

मधूभाऊंनी वाद घातला नाही. एक लांब गाणं लावून दिलं, मशीन तिथंच सोडलं, माझ्या ऑफिसात आले, माझ्या कंप्युटरवरून ते गाणं रीतसर विकत घेतलं, माझ्याच प्रिंटरवर त्याची पावती काढली, घडी घातली, पेटीत ठेवली, आणि मग जाऊन लावलं. या सगळ्याला पाऊण तास लागला. तोवर मामा जेवून खुर्चीत झोपला होता. मधूभाऊंनी त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं, "तुमचं गानं लावलं हाय, आयका." मी त्या दिवशी फार चिडले होते. आज आठवतं तेव्हा हसू येतं आणि हसल्यावर बरं वाटत नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला माहीत होतं, कारण त्यात माझाही हात होता.

माझं माहेर जठारपेठेतलं. मी कॉलेजात होते तेव्हा मधूभाऊंचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅसेटचं दुकान होतं. त्या काळी कॅसेट भरून घ्यायची पद्धत होती. वहीच्या पानावर आपल्या आवडीची बारा गाणी लिहायची, कोरी कॅसेट द्यायची, तिसऱ्या दिवशी भरून मिळायची. निम्मं अकोला तसं करायचं. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सगळे. त्यात काही चुकीचं आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. एका दुपारी कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन आला. मशीन नेलं, कॅसेटी नेल्या, मधूभाऊंनाही नेलं. तेव्हा ते असतील पंचविशीचे. मशीनमध्ये त्या वेळी जी कॅसेट भरली जात होती ती माझी होती, आणि माझ्या नावागावासकट माझ्या अक्षरातली यादी समोर पडलेली होती. जीपमध्ये बसताना मधूभाऊंनी ती यादी घडी करून चपलेत सरकवली. मुलीचं नाव ठाण्यात जायला नको म्हणून. मला त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने, लताबाईंनी, कितीतरी वर्षांनी बोलता बोलता सांगितलं, आणि त्या दिवशी मी चहा तसाच ठेवून उठले.

ठाण्यातून सोडवायला त्यांचे वडील पातूरहून आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, अख्ख्या गावात मान होता. त्यांनी सही केली, पोराला घेऊन बसमध्ये बसले, आणि पातूर येईपर्यंत एकच वाक्य बोलले. "लोकाची वस्तू त्याले न इचारता वापरनाऱ्याले काय म्हंतात, हे म्या तुले दुसरीत शिकवलं होतं." पुढे वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि दोन वर्षांत ते गेले. उत्तर राहूनच गेलं. मधूभाऊ हे सांगायचे तेव्हा खिशातलं पेन काढून पुन्हा खिशाला लावायचे.

तेव्हापासून विकत घेतल्याशिवाय गाणं वाजवायचं नाही हे त्यांनी ठरवलं आणि निभावलं. बाकीचे डीजे गाडीभर गाणी फुकट उतरवून घ्यायचे, नवीन नवीन वाजवायचे, यांच्यापुढून पार्ट्या घेऊन जायचे. मधूभाऊ म्हणायचे, जाऊ द्या, आपल्याला रात्री झोप येते.

मग नोटीस आली.

माझ्या लॉनवर एका बियाणे कंपनीच्या डीलरांचा मेळावा झाला होता. साउंड मधूभाऊंचा. महिनाभराने एका म्युझिक कंपनीच्या वकिलाचा इंग्रजीत आठ पानी कागद आला, की आमची गाणी विनापरवाना वाजवली. मी घाबरून मधूभाऊंना फोन केला, तर त्यांना चक्क आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारायला आलं होतं. "ताई, तुमी काहून घाबरता? आपली पेटी हाय ना. येऊ द्या त्याले, बसून दाखवतो."

कंपनीचा माणूस आला त्या दिवशी मधूभाऊ पहिल्या बसने पेटी घेऊन हजर. धुतलेला शर्ट, दाढी केलेली. तो माणूस सभ्य होता, चाळिशीचा असेल, दिवसातलं त्याचं तिसरं लॉन होतं आणि चेहऱ्यावर ते दिसत होतं. मधूभाऊंनी माझ्या टेबलावर त्या मेळाव्यात वाजवलेल्या एकूण एक गाण्याची कॅसेट, सीडी आणि बिल मांडलं. टेबल पुरलं नाही तर खिडकीतही मांडलं. तो माणूस एकेक बिल उलगडून पाहत गेला.

"काका, इतकी बिलं मी आजवर कुणाकडे पाहिली नाहीत," तो म्हणाला. मधूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "पण हे बिल घरी ऐकण्याचं आहे."

त्याने सावकाश समजावलं. तुम्ही जे विकत घेतलं ते घरी ऐकायला. चार लोकांत, कार्यक्रमात वाजवायचं तर त्याची परवानगी वेगळी, आणि ती आधी घ्यायची. सीडीवरून लॅपटॉपवर उतरवलं ती झाली नक्कल, नक्कल करण्याचा हक्क आणखी वेगळा. आणि ऑनलाइन घेतलेलं जे आहे, त्यात मंजूर म्हणून बटण दाबताना खाली लिहिलेलं असतं, फक्त स्वतःच्या वापरासाठी. मधूभाऊ म्हणाले, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं. मधूभाऊ लाल पेनाने आपल्या डायरीत लिहीत होते आणि मध्येच थांबले.

"म्हंजे घरी आयकलं तं माझं. अन् लोकाईले आयकवलं तं चोरी."

"चोरी असा शब्द आम्ही नाही वापरत, काका. विनापरवाना म्हणतो."

"माझ्या बापानं वापरला असता," मधूभाऊ म्हणाले.

माझं प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला आठवतं ते नंतरचं. तो माणूस गेल्यावर मधूभाऊ ती बिलं आवरत होते. प्रत्येक बिल त्याच्या त्याच्या कव्हरात, पुन्हा चार घड्या घालून. मी म्हटलं राहू द्या, मी मदत करते, तर नको म्हणाले. तास लागला. चहा निवून गेला. जाताना दारात थांबून म्हणाले, "ताई, पस्तीस वर्षं झाली. म्या समजत होतो का आपुन सुटलो."

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, मरू दे, सगळेच करतात. मीही तेच म्हटलं. मधूभाऊंनी कायद्याचं पुस्तक आणलं, इंग्रजी एका बाजूला आणि मराठी दुसऱ्या बाजूला असलेलं, आणि सकाळी सातला मला फोन करून वाचून दाखवायला सुरुवात केली. मी कणीक मळता मळता ऐकायची. लग्नाला सूट आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. लग्नाची वरात आणि लग्नासोबतचे समारंभ, तिथं गाणं वाजवायला परवानगी लागत नाही, असं लिहिलेलं आहे. आता सोबतचे म्हणजे कुठवर, हळद धरायची का, संगीत धरायचं का, रिसेप्शन धरायचं का, यावर मोठमोठे वकील अजून भांडतायत. वाढदिवस, मेळावा, निरोप समारंभ, लग्नाची पन्नाशी, हे मात्र लग्न नव्हे. तिथं कागद लागतो.

या पन्नाशीवरून अकोल्यात एक गंमत झाली. डाळ मिलवाल्यांच्या घरी आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. मधूभाऊंनी कागद काढायला सांगितलं तर थोरल्या मुलाने डोकं लढवलं. भटजी बोलावले, अंतरपाट आणला, म्हणाला पुन्हा लग्नच लावून टाकू, मग सूट मिळते. सगळे तयार झाले. अंतरपाट धरला. ती म्हातारी, गळ्यात हार, खुर्चीवरून उठेचना. म्हणाली, "मले पुन्हा लगन नाई करायचं बाप्पा. एकाच खेपीत थकली मी."

अख्खा हॉल हसला. मधूभाऊ हसले नाहीत. त्यांनी मशीन बंद केलं, माईक घेऊन म्हातारीपाशी गेले आणि खाली बसून विचारलं, "माय, तुमाले येते का एखांदं गानं?" तिने लाजत लाजत एक म्हटलं, बारशाचं की डोहाळ्याचं कुठलंसं. मग तिच्या बहिणीने म्हटलं, मग सुनांनी. मधूभाऊ शेवटपर्यंत गुडघ्यावर बसून माईक धरून होते. मला नंतर म्हणाले, "त्या गान्याईले मालक नाई ताई. लय दिवसानं मोकयं वाटलं."

पण लग्नांतही त्यांची सुटका नव्हती. सूट वाजवण्याची आहे, मशीनमध्ये नक्कल करून ठेवण्याची कुठं आहे, असं त्यांनी पुस्तकातून काढलं. मी म्हटलं इतकं कुणी पाहत नाही. ते म्हणाले, पाहायला कोणी कशाला पाहिजे. म्हणून ते पुन्हा मूळ सीड्या आणि कॅसेटीच लावायला लागले. एक काढायची, दुसरी घालायची. मध्ये नाचणारे हात वर करून तसेच उभे. एकदा एका वरातीत घोडीसुद्धा थांबली. पार्ट्या नाराज व्हायला लागल्या आणि मग यायच्या बंद झाल्या.

मशीनमधली गाणी तरी नीट करावी म्हणून त्यांनी पत्रं लिहायला घेतली. कॅसेटच्या कव्हरवर कंपनीचा पत्ता छापलेला असतो, त्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने, सुवाच्य अक्षरात. मी अमुक गाणं मशीनमध्ये उतरवून ठेवलं आहे, तरी परवानगी मिळावी ही विनंती. मोठ्या कंपन्यांनी फॉर्म पाठवले, ते त्यांनी भरले, जमलं त्यांची परवानगी घेतली. पण छोट्या कंपन्या केव्हाच बुडाल्या होत्या. पाकिटं परत यायची, पोस्टमनचा शेरा मारलेली. मालकच सापडत नाही तर विचारायचं कुणाला? पाकीट परत आलं की ते गाणं मशीनमधून पुसायचं, असं त्यांनी ठरवलं. लताबाई मला फोनवर म्हणाल्या, "जेवता जेवता उठते हा मानूस, एक गानं पुसून येते, मंग भाकर खाते. मले तं पाह्यवत नाई." त्या रडत नव्हत्या, नुसत्या दमलेल्या होत्या. मीही दमले होते. खरं सांगते, त्या दिवसांत सकाळी सातचा फोन वाजला की मी दोन-तीनदा उचलला नाही. याचं मला आज वाईट वाटतं.

एक गाणं मात्र त्यांना पुसवत नव्हतं. हळदीचं वऱ्हाडी गाणं होतं, ढोलकी आणि क्लॅरिनेटवर, पुंडलिकबुवा नावाच्या गायकाचं. नागपूरच्या कुठल्याशा छोट्या कंपनीने काढलेली ती कॅसेट मधूभाऊंशिवाय कुणाकडे मी पाहिली नाही. माझ्या लॉनवरची प्रत्येक हळद त्यांनी त्याच गाण्याने सुरू केली. स्वयंपाकघरात ते ऐकू आलं की आचारी म्हणायचे, खंडारे आले, चहा टाका. त्या कंपनीला पाठवलेलं पाकीट परत आलं आणि मधूभाऊंनी ते महिनाभर खिशात ठेवलं. मग त्यांचा फोन आला. "ताई, बुधवारी गाडी हाय का रिकामी? बुवा जिते हायेत म्हंतात. चांदूर बाजारले राहतात."

मी गाडी काढली. यादीचं ते देणं माझ्या डोक्यावर होतंच.

बाजाराच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. बुवा ऐंशीच्या पुढचे, डोळे गेलेले, खाटेवर बसून होते. सुनेने पाणी दिलं. मधूभाऊ खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "बुवा, मी अकोल्याचा खंडारे. तीस वर्षं तुमचं हयदीचं गानं वाजवून राहिलो. तुमाले इचारलं नोयतं. इचाराले आलो."

बुवांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "थे कॅसेट निघालती का?"

त्यांना माहीतच नव्हतं. उमेदीच्या काळात नागपूरला नेलं होतं, दिवसभर गाऊन घेतलं, शाल दिली, नारळ दिला, एका कागदावर सही घेतली. कॅसेट पाठवतो म्हणाले होते. आली नाही. बुवांनी टेपवर स्वतःचा आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मधूभाऊंनी गाडीतून पेटी आणवली, जुना टेपरेकॉर्डर काढला, आणि माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "घरी आयकाची परवानगी हाय." आणि कॅसेट लावली.

सून दारात येऊन उभी राहिली. बुवांचं एक बोट मांडीवर ठेका धरत होतं. दुसऱ्या कडव्याला त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "इथं दम पुरला नाई माझा." गाणं संपलं तेव्हा त्यांनी पुन्हा लावा म्हटलं. तीनदा लावलं.

"वाजवा बाप्पा," बुवा म्हणाले. "माझ्याकून हो हाय. इतक्या वर्षांत इचारनारे तुमीच पयले."

मधूभाऊंनी परवानगीचा कागद टाइप करून आणला होता, त्यावर बुवांचा अंगठा घ्यायचा होता. तो त्यांनी बाहेर काढला, आणि विचारलं, "बुवा, नागपूरले ज्याच्यावर सही केली त्या कागदावर काय लिहेल होतं?"

"म्या कुठं वाचला?"

मधूभाऊंनी आपला कागद परत खिशात ठेवला. मला समजलं. त्या सहीने हक्क कंपनीकडे गेला असणार, आणि कंपनी उरली नव्हती. ज्याचं गाणं, त्याला हो म्हणायचा अधिकार नव्हता. मधूभाऊंनी हे बुवांना सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "तुमी हो म्हनलं, लय झालं."

मग बुवांनी ते मागितलं. हात पुढे करून म्हणाले, "मले एक कॅसेट भरून देता का?"

पस्तीस वर्षांत मधूभाऊंना कुणी हे विचारलं नसेल. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "द्या ना भरून, मधूभाऊ. त्यांचाच आवाज आहे. इथं कोण येतंय बघायला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग टेपमधून कॅसेट काढली, कव्हरात घातली, कव्हरातलं बिल उलगडलं, त्याच्या मागे निळ्या पेनाने लिहिलं, 'ही कॅसेट श्री. पुंडलिकबुवा यांना दिली', खाली सही केली, पुन्हा चार घड्या घातल्या आणि सगळं बुवांच्या हातात ठेवलं.

"भरून कायले देऊ? हेच घ्या. बिलासकट हाय." टेपरेकॉर्डरही तिथंच ठेवला.

परतताना चांदूर बाजार मागे पडल्यावर त्यांनी गाडीत मांडीवर मशीन उघडलं. मी कडेला गाडी थांबवली, कारण मला कळलं होतं ते काय करणार.

"मधूभाऊ, हे नका करू," मी म्हटलं. "हे एक तरी राहू द्या."

"पेटीत नाई तं मशीनीत नाई," ते म्हणाले, आणि पुसलं. मला इतका राग आला की मी त्यांना वेडे म्हटलं. तोंडावर. त्यांनी मशीन मिटलं आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पोलीस आलते त्या दिवशी तुमच्या कॅसेटीत सात गानी झालती, ताई. पाच राह्यली." एवढं बोलून ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. मी गाडी सुरू केली. समोरचा रस्ता मला नीट दिसत नव्हता.

अमरावतीच्या स्टँडवर अकोला गाडी लागलेलीच होती. मी पेटीला एका बाजूने हात लावला. कंडक्टर दारात उभा होता. त्याने पेटीकडे पाहून नेहमीचंच विचारलं, "काका, काय हाय येच्यात?"

"गानी हायेत."

"कोनाची?"

मधूभाऊ पायरीवर थांबले. मला वाटलं, ठरलेलं उत्तर येईल.

"लोकाईची हायेत," ते म्हणाले. "एक वापस करून आलो."